जुलैतला ‘आजचा’ मासा

समुद्र नसलेल्या पुण्यात सात कोर्सचा माशांचा टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ, एकामागून एक) म्हणजे पैसे पाण्यात, असं एकाचं मत वाचलं, ते अर्धंच पटलं. अंतराचं काय एवढं, रात्रीत माल गणेश पेठेतल्या मासळी बाजारात येतो, बघायचं असतं ते कॅलेंडर. आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला जुलैत गेलेलो, कोरेगाव पार्कात (नाव नको), वेटर प्रत्येक प्लेटला "सर, आजच कोकणातून आलाय" म्हणायचा आणि बायको, मालवणची ती, टेबलाखालून मला पाय मारायची. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, कुठला आलाय आजचा सुरमई!

पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जुलैत तिकडचा मासा मिळू शकतो, नाहीतर मग फ्रोझन. आणि फ्रोझनमध्ये वाईट काही नाही हो, कच्चा वाढायचा मासा उणे २० अंशाला ७ दिवस ठेवायचा असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन, एफडीएसुद्धा सांगतं, परजीवी मरावेत म्हणून. पण मग तसं सांगा ना राव. बाकी खेकड्याचं सार घोटभरच आलं, पण बायकोने वाटी बोटाने पुसून खाल्ली.