सिंहगडावरचं दारूकोठार – थोडी माहिती हवीये

रविवारी आईला घेऊन सिंहगडला गेलो होतो. पुणे दरवाज्यातून आत गेलं की उजव्या हाताला दगडी दारूकोठार (तोफा-बंदुकांची दारू ठेवायची जागा) लागतं, तिथे आई दम खायला टेकली. दही विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, यावर वीज पडली होती आणि माणसं गेली होती. हे खरंय का? आणि गडावरच्या असल्या पावसात दारू कोरडी कशी ठेवायचे?

गडवाटा:
खरंय. ११ सप्टेंबर १७५१ ला या कोठारावर वीज पडली, गडाचे हिशेब बघणाऱ्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली सगळी माणसं गेली. वाईट याचं वाटतं की धोका आपल्या लोकांना आधीपासून नीट माहीत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, स्पष्ट लिहिलंय की दारूखाना घराजवळ नको, घराच्या वाऱ्याखाली पण नको, सदरेपासून (गडाच्या कचेरीपासून) लांब सखल मोकळी जागा बघा, भोवती निरगुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण करा आणि मग त्याच्या आड बांधा. कोरडं ठेवायचं पण त्यातच आहे: तळघर पक्कं करायचं, माच (लाकडी मांडणी) घालून दारूची मडकी त्याच्यावर, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी गडाच्या हवालदाराने (गडावरचा मुख्य अधिकारी) स्वतः येऊन सगळा माल बाहेर काढून उन्हं द्यायची, परत आत ठेवून मुद्रा करायची, म्हणजे मोहोर लावायची. दारू सादळली की ऐन वेळी पेटत नाही ना.

मावळा_धायरी:
विजेपासून वाचायला तेव्हा काही साधनच नव्हतं. लोखंडी सळईने वीज जमिनीत उतरवता येते हे अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने दाखवलं तेच १७५२ च्या आसपास.

सुप्रिया_के:
धान्याचं कोठार बघायचं असेल तर पन्हाळ्याचा अंबरखाना बघाच. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, एकट्या गंगेत २५,००० खंडी (खंडी हे जुनं माप) धान्य मावायचं म्हणतात. बाहेरच्या जिन्याने छतावर चढायचं आणि वरच्या भोकातून धान्य ओतायचं. वरून त्या भोकात डोकावलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की १६६० च्या वेढ्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरसमोर महिनोन् महिने गड कसा टिकला असेल.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. उन्हं द्यायचं वाचून आई लगेच म्हणाली, आम्ही डाळी-गहू हेच तर करतो. पुढच्या वेळी सिंहगडच्या कोठाराच्या आसपास निरगुडी दिसते का बघतो.