स्क्रू कॉम्प्रेसरच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) पैसे का उरत नाहीत?

प्रश्न (सर्व्हिस_चाकण): ३७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर (कारखान्याला दाबाखालची हवा पुरवणारं मशीन) विकताना विक्री विभाग पहिल्या वर्षाची एएमसी फुकट देतो, खर्च मात्र सर्व्हिसच्या नावावर पडतो. दुसऱ्या वर्षी ग्राहक पैसे द्यायला तयार नसतो. विभागांची सांगड कशी घालावी?

दरपत्रक: कोटेशनमध्ये एएमसीची वेगळी ओळ हवी: पूर्ण दर, त्याखाली सूट. ती सूट विक्रीच्या बजेटमधून वजा करा आणि त्यांच्या इन्सेंटिव्हचा एक हिस्सा दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणावर ठेवा. दर पहिल्या दिवसापासून कागदावर असला की मग मागायला अवघड जात नाही.

डिझाइनवाला: दर वर्षावर लावता, खरी चूक तिथेच आहे. रनिंग तासांवर लावा. ३०० दिवस धरले तर दोन पाळ्यांत ४,८०० तास, तीन पाळ्यांत ७,२००. तेल ४,००० तासांना बदलायचं असेल तर तीन पाळ्यांच्या ग्राहकाचा खर्च दीडपट, एएमसी मात्र तेवढीच! फाउंड्रीत एअर फिल्टर २,००० तासही टिकत नाही, धुळीने आधीच चोंदतो. कॉम्प्रेसर रूम कोंदट असली की तेलाचं तापमान चढतं. ढोबळमानाने दर १० अंशांमागे तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून विक्रीच्या माणसाने ऑर्डर घेतानाच पाळ्या, धूळ आणि खोलीचं वायुवीजन लिहून आणावं. दर डिझाइन आणि सर्व्हिसने मिळून ठरवावा.

स्टोअर्स_भोसरी: सेपरेटर एलिमेंटचं (हवेतून तेल वेगळं करणाऱ्या फिल्टरचं) मॉडेल मधल्या काळात बदललेलं असतं, सर्व्हिसला पत्ता नसतो. टेक्निशियन जुन्या मॉडेलचा पार्ट घेऊन जातो, दुसरी फेरी पडते आणि त्या भेटीतला नफा तिथेच संपतो. मशीन डिस्पॅच होतानाच सिरियल नंबरनुसार प्रत्यक्ष बसवलेल्या पार्टची यादी सर्व्हिसकडे गेली पाहिजे.

दरपत्रक: नुसते फिल्टर विकू नका. ६,००० तास, ८ रुपये युनिट धरलं तर या मशीनचं वर्षाचं वीजबिल १७-१८ लाख. गळती काढून दाब १ बारने उतरवता आला तर वीज ६-७ टक्के वाचते, म्हणजे लाखाच्या वर. ग्राहकाच्या मेंटेनन्सवाल्यांबरोबर हा हिशेब मांडा.

सर्व्हिस_चाकण: आधी विकलेल्या मशीनचं काय?

स्टोअर्स_भोसरी: आधी एक सशुल्क तपासणी: नेमप्लेटचा फोटो, अवर मीटर, सेपरेटरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. तो १ बारच्या आसपास असेल तर एलिमेंट वेगळ्या बिलावर बदला, मगच करार करा.