नाटकातलं पद आणि डोळ्यांत पाणी: तुमचे अनुभव लिहा

तलावपाळीची लेक
निमित्त अगदी साधं. बाबांना दहीभात भरवत होते. ८४ वर्षांचे आहेत, हल्ली घास तोंडात धरून बसतात, गिळायचं विसरतात. मीही वैतागले होते, आणि नकळत 'घास घे रे तान्ह्या बाळा' तोंडात आलं. बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "लय फार ओढतेस."

मी सहावीत असताना याच बाबांनी मला गडकरीला 'एकच प्याला' दाखवायला नेलं होतं. वागळे इस्टेटमधली पहिली पाळी करून, तसेच कंपनीच्या शर्टात. बाल्कनीत शेवटून दुसरी रांग. सिंधूने ते पद सुरू केलं आणि शेजारची खुर्ची हलायला लागली. बघते तर बाबा. रुमाल काढायचं सुचलं नव्हतं, हातातल्या तिकिटांनीच डोळे पुसत होते. मला इतकी लाज वाटली की घरी येताना तलावपाळीवर मी त्यांच्या दहा पावलं मागून चालले.

आज ते सगळं वर आलं. तुमचंही असं काही असेल तर लिहा. कुठलंही संगीत नाटक चालेल.

घोडबंदरचा ट्रॅफिक
"लय फार ओढतेस" हाहाहा. बाबांना नमस्कार सांगा.

सानपाडा सेक्टर पाच
देवबाभळी. वाशीला, भावे नाट्यगृहात. पायात काटा रुतलेल्या आवलीची सेवा करायला रखुमाई येते तिथपर्यंत मी ठीक होते. मग आवली नवऱ्यावर करवादायला लागली. तो विठ्ठल विठ्ठल करत डोंगरावर, आणि ही पोटुशी, भाकरी घेऊन रान तुडवतेय. माझा नवरा तेव्हा दुबईला आणि मला सातवा महिना. शेजारच्या अनोळखी आजींनी अंधारात माझ्या हातात काहीतरी कोंबलं. मला वाटलं रुमाल. खडीसाखर होती.
दोघीच बायका रंगमंचावर, आणि गातात तिथल्या तिथे. आनंद ओकांचं संगीत. घरी ती गाणी लावत नाही, पोळ्या करपतात.

जुनी पुस्तकं
एक दुरुस्ती. एकच प्यालातली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर.

तलावपाळीची लेक
पदं गडकऱ्यांची असं मी कुठे म्हटलं? नाटक गडकरीला बघितलं म्हटलं. रंगायतन हो, ठाण्यातलं नाट्यगृह.

जुनी पुस्तकं
बरं. असू दे, माहिती म्हणून.

ऐरोलीहून
गडकरी उघडलं का पण? मधे डागडुजीसाठी बंद होतं ना?

घोडबंदरचा ट्रॅफिक
कधीच. १५ ऑगस्ट २०२५ ला.

ऐरोलीहून
आणि तिथल्या कँटीनमधला वडा?

पायपेटीवाला
वीस वर्षं ऑर्गन वाजवतोय, हौशी नाटकं, स्पर्धेची नाटकं. आम्हाला रडायची सोय नाही. पाय भात्यावर आणि डोळे नटीच्या तोंडाकडे. ती वन्समोअर घेणार की पुढचं वाक्य बोलणार, हे तिच्या श्वासावरून ओळखायचं असतं.
एकदा 'मत्स्यगंधा' करत होतो. सत्यवतीचं काम करणाऱ्या मुलीची आई बाराच दिवसांपूर्वी गेली होती. 'अर्थशून्य भासे मज हा'ची पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. तबलजी नुसता ठेका धरून. मी षड्ज दाबून धरला, दुसरं काय करणार. पायात गोळा आला तरी सोडला नाही, म्हटलं सूर गेला तर ही कोसळेल. मग तिने पुढची ओळ घेतली, थोडी खाली, पण घेतली. लोकांना वाटलं अभिनय. टाळ्या पडल्या, वर वन्समोअर! त्या दिवशी मला प्रेक्षकांचा पहिल्यांदा राग आला.

सानपाडा सेक्टर पाच
बाप रे.

कळवा लोकल
वन्समोअरवरून आठवलं. मानापमानच्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट, १९११. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले. आमच्याकडे ही गोष्ट निघाली की सगळे मान हलवत म्हणतात, काय ती निष्ठा. मला दरवेळी घरी राहिलेली तिची आई आठवते. तिला कुणी वन्समोअर विचारला नाही. विषयांतराबद्दल माफी, दूध उतू चाललंय.

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे
आमचं जरा वेगळं. २०२५ मध्ये बीकेसीला 'द फँटम ऑफ द ऑपेरा' बघितलं. झुंबर कोसळलं तेव्हा सगळे दचकले, मी तिकिटांचा हिशेब करत होतो. गाणी छान, पण मला काही झालं नाही. येताना हायवेवर मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, त्याचं तोंड तसं होतं म्हणूनच त्याला कुणी मित्र नव्हते का? मी एफएम लावला. अजून उत्तर दिलेलं नाही.

ऐरोलीहून
तिकिटांचा आकडा सांगा, आम्हीही रडतो.

तलावपाळीची लेक
बाबांना सगळं वाचून दाखवतेय. पायपेटीवाले, ते विचारताहेत, षड्ज कुठल्या पट्टीचा धरलात?

पायपेटीवाला
काळी पाच. का हो?

तलावपाळीची लेक
काही नाही. "हं" म्हणाले आणि घास गिळला.

ऐरोलीहून
वड्याचं कुणी सांगणार आहे का?