मदत हवी आहे : मुलांच्या प्रकल्पातील चूक दिसत असताना मार्गदर्शकाने केव्हा बोलावे?

नमस्कार.

शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलांच्या अभियांत्रिकी प्रकल्पांचे मार्गदर्शन माझ्याकडे आहे. विषय मुलांनीच निवडायचा, आराखडा त्यांनीच काढायचा, सुटे भाग त्यांनीच ठरवायचे आणि शेवटी चालते यंत्र परीक्षकांपुढे मांडून त्यामागचा विचार स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायचा, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. सध्या सर्व गट कागदावरून प्रत्यक्ष बांधणीकडे वळत आहेत आणि नेमक्या याच टप्प्यावर मला अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

एका गटाने लहान वस्तू उचलून ठेवणारा यांत्रिक हात योजला आहे. हाताची लांबी २० सेंमी, उचलायचे वजन १०० ग्रॅम, आणि खांद्याच्या सांध्याला त्यांनी एसजी ९० ही लहान सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून तिथेच थांबणारी मोटर) निवडली आहे. हात आडवा असताना केवळ त्या वजनाचाच टॉर्क, म्हणजे सांध्याभोवती फिरवणारा जोर (वजन गुणिले अंतर), २ किलोग्रॅम-सेंमी होतो. हाताचे स्वतःचे वजन ६० ग्रॅम धरले आणि टोकाच्या पकडीला लावलेली ९ ग्रॅमची दुसरी मोटर मिळवली, तर बेरीज २.८ च्या आसपास जाते. या मोटरचा ४.८ व्होल्टवरील कमाल टॉर्क मात्र १.८ आहे, आणि तोही मोटर अडून थांबण्याच्या क्षणाचा. हात उचलला जाणार नाही हे मला आराखडा पाहताच दिसले, पण मुलांना ते अजून दिसलेले नाही. मुले अतिशय उत्साहाने हाताचे भाग कापत आहेत.

याच गटाची दुसरी अडचण विजेची आहे. त्यांनी सर्व मोटरी आर्डुइनो उनोच्या (मोटरींना प्रोग्रॅमनुसार हलवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) ५ व्होल्टच्या पिनेवरूनच जोडल्या आहेत, त्यामुळे दोन मोटरी एकदम हलल्या की बोर्ड रीसेट होतो आणि हात पुन्हा मूळ जागी येतो. मुले दोष प्रोग्रॅममध्ये आहे असे समजून तोच पुनःपुन्हा तपासत बसली आहेत.

दुसरा गट दृष्टिहीन व्यक्तींसाठी अडथळा सांगणारी काठी बनवत आहे. त्यांचा एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर समोरच्या सपाट भिंतीचे अंतर अचूक सांगतो, म्हणून काम पूर्ण झाले असे त्यांना वाटते. तिरप्या पृष्ठभागावरून लहरी भलतीकडेच परावर्तित होतात आणि जाड पडद्यासारखी वस्तू त्या शोषून घेते, हे त्यांनी तपासलेले नाही. ही काठी ज्यांच्या हाती जायची, त्यांच्या दृष्टीने हाच भाग सर्वात महत्त्वाचा आहे.

माझा प्रश्न असा की, यांपैकी काय सांगावे आणि काय त्यांचे त्यांना सापडू द्यावे? सगळे सांगितले तर प्रकल्प माझा होतो. काहीच सांगितले नाही तर सुटे भाग आणि वेळ संपून मुले निराश होतात, आणि मग घरातले कोणी मोठे माणूस पुढे होऊन यंत्र बनवून देते किंवा तयार संच आणला जातो. शिवाय, प्रामाणिकपणे स्वतः काम केलेल्या गटाचे यंत्र सादरीकरणाच्या दिवशी चालले नाही, तर गुण कशाच्या आधारे द्यावेत? ज्यांनी अशा गटांना मार्गदर्शन केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

माझा व्यवसाय यंत्रांचे आराखडे करण्याचा आहे आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे परीक्षणही मी करतो. मी एक कसोटी वापरतो : जे मुलांच्या भौतिकशास्त्रातून निघू शकते ते सांगू नये, आणि जे त्यातून निघू शकत नाही ते लपवू नये.

टॉर्क त्यांनी शिकलेला आहे, म्हणून तिथे उत्तराऐवजी चाचणी द्यावी. मोटर घट्ट बसवून तिच्या अक्षापासून १० सेंमी अंतरावर वजन टांगायला सांगा आणि किती वजनाला ती थांबेल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या. १.८ या आकड्याप्रमाणे तिने १८० ग्रॅमपर्यंत तग धरायला हवा. स्वस्त मोटर बहुधा त्याआधीच अडते. तो आकडा एकदा हाती आला की स्वतःच्या २० सेंमीच्या हाताचे गणित मुले आपणहून मांडतात आणि पुढच्या वाटाही शोधतात. तुमच्या माहितीसाठी सांगतो, हात १२ सेंमीचा केला तर टॉर्क १.५ पर्यंत उतरतो, आणि सांध्याच्या मागे ५ सेंमीवर १६० ग्रॅमचा प्रतिभार (तोल साधणारे वजन) लावला तर वजन उचलताना मोटरवर केवळ ०.७ चा ताण राहतो. कोणी मोठी मोटर सुचवील, पण तिचे वजन आणि तिला लागणारा विद्युतप्रवाह या दोन्हींचा हिशेब त्यालाच करायला लावा.

विजेचे तसे नाही. मोटरींना वेगळा पुरवठा द्यायचा, मात्र दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडायचे, हा कामातून कळणारा भाग आहे. तो सरळ सांगावा. अडलेली एसजी ९० अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते आणि यूएसबीवरून मिळणारा पुरवठा साधारण तेवढाच असतो. फक्त सांगण्यापूर्वी ५ व्होल्टच्या रेषेवर रोधासह एक एलईडी लावायला सांगा. मोटर हलताच तो मंदावतो, आणि दोष प्रोग्रॅममध्ये नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसते. साधा मल्टिमीटर इतकी क्षणिक घसरण दाखवत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कसलीही कसोटी लावू नका. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होत असेल, किंवा संरक्षक सर्किटाशिवाय वापरला जात असेल, तर काम तिथेच थांबवावे.

प्रतिसाद २

गुणांविषयी लिहिते. आम्ही यंत्र चालण्याला थोडेच गुण ठेवतो आणि नोंदवहीला बरेच. प्रत्येक चाचणीपूर्वी अपेक्षित आकडा, नंतर मिळालेला आकडा आणि दोहोंतील फरकाचे कारण, एवढे तारखेसह लिहिलेले असले की काम कोणी केले ते वेगळे विचारावे लागत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक एक तार काढून ठेवतात आणि आता काय होईल ते गटातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारतात. स्वतः जोडणी केलेले मूल यंत्र बंद असतानाही याचे उत्तर देते, आणि घरून तयार आलेल्या यंत्राचा मालक गोंधळतो.

काठीच्या गटाला एका सपाट फळीपासून एक मीटरवर उभे करून ती फळी दहा-दहा अंशांनी फिरवायला सांगा आणि प्रत्येक कोनाला मिळणाऱ्या अंतराचा आलेख काढून घ्या. त्यानंतर फळीवर जाड कापड टाकून तेच पुन्हा करायला सांगावे. आलेख कुठे तुटतो हे पाहिल्यावर एक सेन्सर पुरेसा आहे की दोन हवेत, याची चर्चा त्यांची तेच सुरू करतील.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शिकलेल्यातून निघणारे आणि न निघणारे, ही विभागणी मला फार उपयोगी वाटते. वजन टांगण्याची चाचणी पुढच्याच तासाला ठेवतो. एक शंका राहते : या मोटरींच्या आतल्या चाकांचे दाते प्लॅस्टिकचे असतात, तर चाचणीतच ते तुटू नयेत म्हणून काय करावे?

प्रतिसाद १

वजन एकदम टांगू नका, २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढवा आणि हाताने आधार देऊन हळूच सोडा. मोटर जागच्या जागी गुरगुरू लागली किंवा मागे सरकू लागली की आकडा लिहून पुरवठा लगेच तोडावा. अडलेल्या अवस्थेत ती दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक ठेवू नये, कारण दाते तुटण्याआधी मोटरमधील तारेची गुंडाळी तापते. चाचणीची मोटर वेगळी ठेवा, तीच पुन्हा हातात बसवू नका.