‘अवकाशीय क्षमता’ की आणखी काही? आणि आकृती ‘फिरवायची’ की ‘उलटायची’?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील प्राथमिक शिक्षिका:
पाचवीच्या मुलांची नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेते. बुद्धिमत्ता विभागात दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. त्यांतले आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद आणि तुकडे जुळवून होणारी आकृती हे मी एकत्र घेते. या गटाला मराठीत काय म्हणावे? ‘अवकाशीय क्षमता’ म्हटले की मुलांना रॉकेट आठवते.

फोंड्याहून:
बाई, ‘अवकाश’ म्हणजे इथे जागा, पोकळी. मानसशास्त्रात तो शब्द रुळलेला आहे, पालकसभेत वापरायला हरकत नाही. माझा आक्षेप ‘क्षमता’ला आहे. त्यातून हे उपजतच असते असा सूर निघतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड अटल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरावाने हे सुधारते असेच दिसले. म्हणून ‘कौशल्य’ म्हणा.

पण सगळे एकाच नावाखाली कोंबू नका. लिन आणि पीटरसन या संशोधकांनी 1985 मध्ये तीन भाग पाडले होते. कलत्या पेल्यातल्या पाण्याची रेघ आडवीच राहते हे ओळखणे वेगळे, आकृती मनात फिरवणे वेगळे, आणि घडीच्या कागदासारखे टप्प्याटप्प्याने मनात उलगडणे वेगळे. एकात पटाईत असलेले मूल दुसऱ्यात अडखळू शकते. तिन्हींची बेरीज करून एकच गुण दिला तर नेमके कुठे अडले ते कळणार कसे?

म्हापशाहून:
‘मनात फिरवणे’ हा शब्द मला फार पटतो. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये घनाकृतींच्या जोड्या दाखवून त्या एकच आहेत का, असे विचारले. दोन आकृत्यांमधला कोन जसा मोठा, तसा उत्तराला वेळ जास्त, तोही सरळ प्रमाणात. माणूस खरोखरच आकृती मनात फिरवत असावा. त्यासाठी ‘मानसिक परिभ्रमण’ असा जड शब्द कशाला मग?

खरा घोळ सूचनेत होतो. ‘आकृती उलटी केल्यास’ म्हणजे काय? डोके खाली पाय वर? पालथी? की डावे-उजवे बदललेली? मराठीत ‘उलटे’ या तिन्हींना चालते. आणि अशा चाचण्यांत चुकीच्या पर्यायांत मुद्दाम आरशातली प्रतिमा ठेवतात! मुलाने ‘उलटे’चा दुसरा अर्थ घेतला तर तपासले जाते त्याचे वाचन. आपली बरीच मुले घरी कोंकणी बोलतात, वर-खाली झालेल्याला ती ‘उमथें’ म्हणतात. तोंडी समजावताना तोच शब्द घ्यावा, लेखी सूचनेत ‘वरची बाजू खाली’ असे उघड लिहावे.

सत्तरीतील प्राथमिक शिक्षिका:
अगदी हेच पाहिले आहे. चौकोनी कागदाची एक उभी, एक आडवी घडी घालून सुट्या बाजूने (घडीच्या नव्हे) त्रिकोणी काप दिला. ‘उघडल्यावर कसा दिसेल?’ बहुतेकांनी चार त्रिकोण बरोबर काढले, पण काहींनी चारही एकाच दिशेला टोके करून. मोजणी जमली, आरसा सुटला. चवथीला आणि दिवाळीला कागद कापून नक्षी करणाऱ्या मुलांना मात्र हातात कागद दिल्यावर लगेच उमगले.

आता वहीत तीन रकाने करते: ‘मनात फिरवणे’, ‘आरशात पाहणे’, ‘मनात उलगडणे’. ठोकळ्याचा पुठ्ठा उलगडून सपाट केला, तर त्या आकाराला काय म्हणू?

फोंड्याहून:
घडणी. महाराष्ट्राच्या गणिताच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. तिसऱ्या रकान्यात घाला.