भाषण बांधता कसं? तयारीचे अनुभव सांगा

भाषणातल्या धीटपणावर आपण पुष्कळ बोलतो. मला त्याच्या आधीचं काम ऐकायचंय. मुद्दे कसे निवडता, क्रम कसा लावता, काय गाळता? शाळा, ऑफिस, ग्रामसभा, कुठलंही व्यासपीठ चालेल. सविस्तर लिहा.

• मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 3 जानेवारीच्या भाषणात मुलं सावित्रीबाईंच्या नायगावच्या जन्मापासून सुरुवात करतात आणि शेवटाला पोचायच्या आत वेळ संपते. पाच मिनिटांत जेमतेम पाचशे शब्द बसतात, त्यात अख्खं चरित्र कसं मावणार? म्हणून मी एकच प्रसंग निवडायला लावते. बहुतेक जण 1897 ची प्लेगची साथ घेतात: आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाई. सुरुवात तिथून, मग मागे पुण्यातल्या शाळेकडे. एका मुलीनं बाकी सगळ्या सनावळ्या काढल्या, पण 1848 काढायला तयार होईना. त्या काळी मुलींची शाळा काढणं केवढं धाडस होतं, ते सन सांगितल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलं. काय ठेवायचं हे त्या वयात उमगणं फार मोठं आहे!

• आमच्या घरात नारदीय कीर्तन आहे. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात त्याच सिद्धांताला धरून आख्यान. ऑफिसातल्या भाषणालाही मी हीच बांधणी वापरतो. आधी एक विधान, त्याचा उलगडा, मग प्रत्यक्ष घडलेली एक हकिगत. हकिगत कितीही रंगणारी असो, विधानाला धरून नसेल तर काढून टाकतो.

• सेवापूर्तीला बोलायचं असेल तर आधी त्या व्यक्तीच्या जुन्या सहकाऱ्यांना आणि शिपाईमामांना भेटते. ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’ कुणालाही चालतं, म्हणून ते शब्द मी घेतच नाही.

• मांडणी शिकायची असेल तर बाबासाहेबांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण वाचा. आधी कामाचा हिशेब आणि सहकाऱ्यांना श्रेय, मग टीकेला उत्तरं, आणि त्यानंतर देशाच्या भवितव्याबद्दलची काळजी. तिथवर येईतो ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला असतो. मी हा क्रम कागदावर उतरवून काढला, तेव्हा कुठे त्याची ताकद कळली.

• मी बचत गटातली. ग्रामसभेत वरचा क्रम चालत नाही, माणसं मधूनच उठून जातात. म्हणून मागणी पहिल्या वाक्यात, कारणं मागून. कुठल्या वाडीला किती दिवसाआड पाणी येतं ते घरोघर विचारून वहीत लिहिते. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत एकदा बोलून बघते. कुणी मध्येच प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर भाषणात घालते. मागणी ठरावाच्या भाषेत वेगळ्या कागदावर लिहून नेते, म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेबांना इतिवृत्तात तशीच उतरवता येते.