अशनीचं वय काढताना ओपनिंग बॅलन्स कुठून आणता?

पेठेतला हिशेबनीस:
बँकेतून निवृत्त झालोय, सवडीनं असलं काही वाचत असतो. कझाकस्तानात सापडलेल्या एफ्रेमोव्का अशनीतल्या पांढऱ्या ठिपक्यांचं, म्हणजे सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घन कणांचं, वय ४५६.७३ कोटी वर्षं, आणि इकडेतिकडे झालंच तर फक्त १.६ लाख वर्षं! युरेनियमचं शिसं होतं, इथवर ठीक. पण त्यातलं किती शिसं आधीचंच होतं, हे कोणी सांगितलं? मुद्दल ठाऊक नसताना व्याज काढलेला कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती.

दगडूमास्तर:
सही करा, मुद्दल लागतच नाही. युरेनियम दोन प्रकारचं. २३८ दर ४४७ कोटी वर्षांनी निम्मं होतं, त्याचं शिसं-२०६ बनतं. २३५ दर ७० कोटी वर्षांनी निम्मं होतं, त्याचं शिसं-२०७. शिसं-२०४ मात्र कशापासूनच तयार होत नाही. होतं तेवढंच आजही आहे.

ठिपक्याचा चुरा आम्लात टप्प्याटप्प्यानं विरघळवतात. दर टप्प्याला जुनं आणि नवं शिसं वेगळ्या प्रमाणात बाहेर येतं. २०४ च्या तुलनेत २०६ आणि २०७ आलेखावर मांडलं की बिंदू एका रेषेत बसतात. जुन्या शिशानं रेषेची जागा बदलते, चढ नाही. चढ ठरतो काळावर. बिंदू रेषेत बसलेच नाहीत, तर बहुधा बाहेरचं शिसं शिरलंय. मग वय सांगायच्या फंदात पडू नये. अमेरिकी शास्त्रज्ञ पॅटरसननं १९५६ मध्ये अशाच रेषेवरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी काढलं, पण त्याआधी प्रयोगशाळेतल्या धुळीतलं शिसं हटवण्यात त्याची वर्षं गेली.

कात्रजची निशा:
सर, एक राहिलं. चढावरून वय काढताना युरेनियम २३८ आणि २३५ चं आजचं प्रमाण लागतं. ते सगळीकडे १३७.८८ धरत. मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीतले ठिपके २०१० मध्ये मोजले, तर ते प्रमाण ठिपक्यागणिक वेगळं! त्यानं वय ५० लाख वर्षांपर्यंत हलू शकतं. आता ज्याचं वय काढायचं त्याचंच युरेनियम मोजतात. काका, जुन्या पुस्तकातला आकडा वाचत असाल तर जपून.

पेठेतला हिशेबनीस:
सही केली. मग सूर्यमालेचं वय काढायला आपल्या पर्वतीचा दगड का नाही चालत?

दगडूमास्तर:
तो कालचा हो, ६.६ कोटी वर्षांचा. पृथ्वीनं आपले पहिले दगड केव्हाच वितळवून टाकले. आपल्याकडचं बघायचंय तर राजस्थानातली पिपलिया कलां अशनी घ्या, १९९६ च्या जूनमध्ये पडलेली. तिच्यात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या लोकांना अॅल्युमिनियम-२६ ची खूण सापडली. ते दर सात लाख वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे आज कणभरही नाही. मागे जास्तीचं मॅग्नेशियम-२६ उरलंय. म्हणजे ती ज्या लघुग्रहाची, तो सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच वितळून थिजलाही होता. आणि वितळवणारी उष्णता बहुधा त्याच अॅल्युमिनियमची.